दोन डाव्या बाह्या

रविवारी दुपारी बेबी दुकानाच्या मागच्या दारानं आत आली, तेव्हा कापायच्या टेबलावर कोटाच्या दोन बाह्या शेजारी शेजारी पसरलेल्या होत्या आणि दोन्ही डाव्या होत्या. शिंप्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे कळायला दुसऱ्यांदा पाहावं लागत नाही. तरी तिनं पर्स खाली ठेवली, पुन्हा एकदा पाहिलं आणि मग दादाकडे पाहिलं. दादा बाह्यांकडे पाठ करून स्टुलावर बसला होता. वहिनी एका जाकिटाला बटण लावत होती, आणि ते जाकीट न्यायला गेल्या दोन वर्षांत कुणी आलेलं नव्हतं.

बेबी चव्वेचाळीस वर्षांची होती आणि एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होती. तिच्या पावलांचा आवाज आला की तिथले शिक्षकसुद्धा खुर्चीत सरळ होत. पण या दारातून आत आलं की ती बेबीच व्हायची, त्याला आता इलाज नव्हता. सकाळी दादाचा फोन आला होता, "चहाला ये," एवढाच. या घरात असं आमंत्रण आजवर दोनदाच गेलं होतं, एकदा आईच्या ऑपरेशनच्या वेळी आणि एकदा दादाच्या डोक्यात दुकान विकायचं खूळ शिरलं होतं तेव्हा. दोन्ही वेळा चहा कुणी केला नव्हता. आजही शेगडी थंडच होती.

"कुणाचा कोट?" तिनं विचारलं.

"पोस्टमास्तरांचा," दादा म्हणाला. "शुक्रवारी निरोप समारंभ आहे त्यांचा."

मग त्यानं सगळं सांगितलं. कापड पोस्टमास्तरांनी स्वतःच जपून ठेवलेलं, गडद राखाडी, लोकरीचं. ते विणणारी गिरणी बंद पडून दहा वर्षं झाली होती, त्यामुळे आणखी मिळायचा प्रश्नच नव्हता. मुळात ते जेमतेम होतं, म्हणून वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, नेहमीसारखी दुहेरी घडी न घालता ते एकेरी पसरून कापलं. एकेरी कापडावर पहिली बाही कापली की कागदाचा साचा उलटा ठेवून दुसरी कापायची असते, नाहीतर दोन्ही एकाच हाताच्या निघतात. शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात सांगतात ती गोष्ट. अण्णांनी पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा साचा उलटा केला नाही. काल संध्याकाळी दुसरी बाही कापून झाल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दोन्ही बाह्या हातानं सारख्या केल्या, कातर खुंटीला अडकवली आणि वर घरात जाऊन जेवायला बसले. जेवताना त्यांनी मीठ मागितलं, बाकी काही बोलले नाहीत.

"मीठ मागितलं?" बेबी म्हणाली. "अण्णा कधी मीठ मागतात?"

"तेच तर. मी रात्रभर त्याचाच विचार करतोय."

बाहेरच्या माणसाला या दोघा प्रौढ बहीणभावांना मिठावर डोकं खाजवताना पाहून हसू आलं असतं. पण या घराची रीतच तशी होती. अण्णा गिऱ्हाइकाशी कामापुरतं बोलत, मनातलं मात्र बोलत नसत. मनातलं काही सांगायचं असलं की ते काहीतरी करत. कुणावर खूश झाले तर त्याच्या शर्टाची झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा लावून देत. रागावले तर त्याच्या चपला दाराशी सरळ लावून ठेवत. सरळ लावलेल्या चपला दिसल्या की लहानपणी दादाला घाम फुटायचा.

आई होती तोवर काही अडत नव्हतं. आई दुभाष्याचं काम करायची. "अरे, त्यांनी तुझी सायकल पुसली ना, म्हणजे पटलंय त्यांना," असं ती भांडी घासता घासता सांगून टाकायची आणि घर पुढे चालू लागायचं. चार वर्षांपूर्वी ती गेली, आणि अण्णांच्या नुसत्या कृती उरल्या. बेबी मुख्याध्यापिका झाली तेव्हा अण्णांनी तिच्या रेनकोटाची आठही बटणं काढून नवी लावून दिली होती. जुनी ढिली झाली असतील असं समजून ती थँक्यू म्हणाली आणि घरी गेली. पुढे वर्षभरानं एका तासाला, फळ्यावर लिहिता लिहिता, तिला त्या बटणांचा उलगडा झाला. त्या दिवशी मुलांना पाच मिनिटं आधी सुट्टी मिळाली.

दादाला वाटत होतं की आपल्याकडून प्रयत्नांत कसूर झालेली नाही. गेले सात-आठ महिने अण्णांचा हात चळत होता, हे त्याला दिसत होतं. पण "अण्णा, आता कातर ठेवा," असं तोंडावर सांगायची त्याची छाती नव्हती. म्हणून त्यानंही घरच्याच रीतीनं सांगून पाहिलं. टेबलावर दुप्पट उजेडाचा दिवा लावला, की आपल्याला कमी दिसतं हे त्यांचं त्यांना कळावं. अण्णांनी तो काढून जिन्यात लावला आणि टेबलावर पुन्हा जुना आणला. त्यानं कातर धार लावायला दिली आणि आठ दिवस आणायला विसरला. अण्णांनी आईच्या लहान कातरीनं दोन कोट कापले. बेबीनं वाढदिवसाला गुबगुबीत आरामखुर्ची पाठवली, ती त्यांनी दुकानात पुढे ठेवली, आणि तेव्हापासून गिऱ्हाइकं बसली की उठायचं नाव घेत नव्हती.

उलट अण्णांनीच एका सकाळी करवत घेऊन कापायच्या टेबलाचे चारही पाय दोन-दोन इंच कापले. त्यांची पाठ वाकली म्हणून टेबल खाली आलं, असा दादानं अर्थ लावला आणि त्याला भरून आलं. पुढे त्या बुटक्या टेबलावर कापडाच्या घड्या घालून त्याची स्वतःची कंबर धरायला लागली, तेव्हा ते भरून येणं हळूहळू ओसरलं.

"आपण कटर ठेवू," तो आता म्हणाला. बाजारात एक जण होता, तीन दुकानांचं कापायचं काम करायचा, हाताला वेग होता. बेबीनं लगेच मान हलवली. गेल्या चार वर्षांत या दोघांचं एकमत झालं नव्हतं, त्यामुळे दोघंही जरा चकित झाली. मात्र अण्णांना हे सांगायचं कुणी, इथे घोडं अडलं. दादाचं म्हणणं, सहाशे मुलांना तू गप्प करतेस तर एका म्हाताऱ्याला सांगायला काय हरकत आहे. बेबीचं म्हणणं, मी महिन्यातून एकदा येते, तू दिवसभर त्यांच्या शेजारी बसतोस. असं बराच वेळ ते काम एकमेकांकडे ढकलणं चाललं.

वहिनीनं दोरा दातानं तोडला. "कटर नको," ती म्हणाली.

"मग काय करायचं?"

"मी कापते."

दादा हसला. त्यात वाईट हेतू नव्हता. तो माणूस कुणाचं वाईट चिंतणारा नव्हताच, फक्त बोलून झाल्यावर विचार करणारा होता. "तू काजं करतेस, अगं," तो म्हणाला.

वहिनी एकवीस वर्षं काजं करत होती. तिच्या काजांसाठी लोक लांबून यायचे, पण काजं म्हणजे काजं, कोट ज्याच्या हातचा म्हणतात तो कापणारा. या घरात आल्यापासून तिनं अण्णांच्या कापण्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. सात महिन्यांपूर्वी एका खांद्याची रेघ पाव इंच सरकलेली तिला दिसली. ती कुणाला बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे खाली आली, रेघ पुसली, पुन्हा आखली आणि त्या रेघेवर जास्तीचं कापड कापून टाकलं. तेव्हापासून रोज अण्णा उठायच्या आत ती खाली येत होती. अकरा कोट आणि शर्ट किती ते तिनं मोजलेच नव्हते. तिच्या मते हे कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक होऊ नये यासाठी ती फार काळजी घेत होती. तरीसुद्धा कुणाला तरी ठाऊक व्हावं असं तिला रोज वाटत होतं. कुणाला तरी म्हणजे अण्णांना. हे काम तुझं आहे, एवढं एक वाक्य त्यांनी म्हणावं. बाजारातला कटर उद्या या टेबलापाशी उभा राहिला, तर ते वाक्य या घरात कधीच कुणी म्हणणार नव्हतं. तिला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

म्हणून तिनं सगळं सांगून टाकलं. पहाटेचं, रेघांचं, अकरा कोटांचं. दादा तोंड उघडं ठेवून ऐकत राहिला. त्याच्या शेजारून सात महिने कुणीतरी रोज पहाटे उठून जात होतं आणि त्याला पत्ता नव्हता, हे बेबीनं आवर्जून त्याच्या नजरेला आणून दिलं.

"आणि या बाह्यांचं?" तो अखेर म्हणाला.

वहिनी उठली. कोटाच्या पुढच्या कडेला आतून एक रुंद पट्टी लागते, ती अजून कापायची राहिली होती. पट्टीसाठी राखलेल्या कापडातून उजवी बाही निघत होती, तिनं सकाळीच मोजून पाहिलं होतं. आणि आतली पट्टी जास्तीच्या डाव्या बाहीतून काढायची, एक जोड देऊन. जोड आतल्या बाजूला राहणार, कोट घातल्यावर दिसणार नाही. बोलता बोलता तिनं साचे मांडून दाखवले. इंच-इंच करत सगळं बसलं.

बेबी वाकून पाहत होती. तिनं मान वर केली तेव्हा ती भावाच्या बाजूची राहिली नव्हती. "दादा, तिला येतंय," ती म्हणाली.

"येतंय, ते दिसतंय मला. पण मापं? पुरुषांची मापं ही घेणार? पोस्टमास्तर हिच्यापुढे हात पसरून उभे राहतील?"

"का, हात मोडलेत का त्यांचे?"

"तू गप्प बस. दुकान मला चालवायचंय." दादा खरोखर काळजीत होता. "आणि ते जाऊ दे. अण्णांना सांगणार कोण?"

जिन्याची तिसरी पायरी वाजली. अण्णा तिथे उभे होते, दाढी करून, नेहमीचा जुना कोट अंगात घालून, आणि ते केव्हापासून तिथे आहेत हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

अण्णा 'कटर ठेवू' पासून तिथे होते. त्याचं त्यांना विशेष वाटलं नाही. दादा घाबरला की बाहेरून माणूस आणायला निघायचा, ही त्याची लहानपणापासूनची सवय होती. त्यांना आश्चर्य वाटलं ते सुनेचं. आपल्याला सगळं ठाऊक आहे हे तिला माहीत नाही? रेघ संपताना ती खडूनं एक बारीक आकडी काढते, ती त्यांनी पहिल्याच सकाळी ओळखली होती. दादाच्या नजरेला पडू नये म्हणून रोज ते स्वतः ती पुसत होते. तिला दुरुस्तीला जागा मिळावी म्हणून सात महिने ते प्रत्येक कापात अर्धा इंच कापड जास्त सोडत होते. याहून स्पष्ट माणसानं किती बोलायचं, हे त्यांना समजेना.

ते खाली आले, टेबलापाशी गेले, तिनं मांडलेले साचे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग पट्टीच्या साच्यावर बोट ठेवलं. "जोड खाली घे. वर घेतलास तर कॉलर उलटताना जाड लागेल."

दादानं आणि बेबीनं एकमेकांकडे पाहिलं. हे बरंच झालं, असं त्या पाहण्यात होतं. आता कुणाला काही बोलायला नको, हळूहळू सगळं आपोआप सुरळीत होईल. या घरात गोष्टी अशाच सुरळीत होत आल्या होत्या.

वहिनीनं मात्र खडू खाली ठेवला. "अण्णा, म्हणजे हो का नाही?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं.

"आई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं मला. त्या नाहीत आता. तुम्हीच सांगायला पाहिजे."

"टेबल कापलं की," अण्णा म्हणाले.

"काय?"

"दोन इंच. पलीकडच्या कडेला तुझा हात पोचत नव्हता. टाचा उचलून कापायचीस." आणि ती बघतच राहिली म्हणून त्यांनी पुढे सांगितलं, "जिन्यावरून दिसतं सकाळी."

दादाचा हात आपसूक कमरेकडे गेला. "म्हणजे माझी कंबर हिच्यासाठी..." त्यानं सुरुवात केली, आणि बेबीला इतकं हसू आलं की तिला आरामखुर्ची गाठावी लागली.

वहिनी हसत नव्हती. तिला रडू येत होतं आणि राग त्याच्या दुप्पट येत होता. "आणि मी समजत होते तुमची पाठ वाकली," ती म्हणाली. "सात महिने रोज पाठीला लावायला तेल गरम करून देतेय मी."

"लावतो मी रोज."

"पाठ दुखत नाही तर कशाला लावता?"

"तू देतेस म्हणून."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि आवाज सावरला. "अण्णा, मी एकवीस वर्षं या घरात आहे. मला टेबल नाही समजत. मला सांगितलेलं समजतं."

अण्णांनी टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकले. त्यांना हे सोपं जात नव्हतं, ते तिघांनाही दिसत होतं. बेबीचं हसू थांबलं. लहानपणी एकदा आई आजारी असताना अण्णांनी तिची वेणी घातली होती, तेव्हाही त्यांचा चेहरा असाच झाला होता.

"दिसतं मला," ते म्हणाले. "दिवा बिवा काही लागत नाही. पण हात ऐकत नाही आता. काल साचा उलटा करायचा हे मला आठवत होतं. मनात म्हणालोसुद्धा, की उलटा कर. आणि कापून झाल्यावर पाहिलं तर केलाच नव्हता. भीती वाटली मला. मग वर जाऊन जेवलो."

कुणीही मिठाचं नाव काढलं नाही.

"यापुढे कापायचं काम तुझं," अण्णा म्हणाले. "कधीपासूनच आहे. सांगायचं राहिलं."

हे बोलून झाल्यावर त्यांना जरा दम लागल्यासारखा झाला. वहिनीनं नुसती मान हलवली, कारण तोंड उघडलं असतं तर तिला पुन्हा रडू आलं असतं. बेबीनं भिंतीवरच्या कॅलेंडरात अतिशय रस घेतला. अशा वेळी घरातल्या एकानं तरी व्यवहाराचं बोलावं लागतं, आणि ते काम नेहमी दादाकडे यायचं.

"सगळं खरं," तो घसा खाकरून म्हणाला. "पण मापांचं काय? मी उगाच पाचर मारत नाहीये. हिनं आजवर एका पुरुषाचं माप घेतलेलं नाही."

त्याचं चुकत नव्हतं. वहिनीलाही ते माहीत होतं. अण्णांनी अंगातला कोट काढला, घडी न घालता स्टुलावर टाकला, आरशासमोर जाऊन उभे राहिले आणि हात शरीरापासून थोडे दूर धरले, जसे गिऱ्हाइकांना ते स्वतः पंचावन्न वर्षं धरायला सांगत होते. "घे," ते म्हणाले.

अण्णांचं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं. तरुणपणी त्यांच्या वडिलांनी एकदा घेतलं असेल, त्यानंतर त्यांचे सगळे कोट त्यांनी स्वतःच, त्याच जुन्या आकड्यांवर कापले होते. ते आकडे घरातल्या सगळ्यांना पाठ होते. दादानं मापाची वही उघडली, नव्या पानावर तारीख घातली, आणि वहिनीनं टेप लावायच्या आधीच सवयीनं खांद्यापुढे साडेसतरा लिहून टाकलं.

वहिनी अण्णांच्या मागे गेली. शर्टाची शिवण दंडावर उतरली होती, हे तिला आत्ता इतक्या जवळून पहिल्यांदा दिसलं. तिनं खांद्याचं हाड बोटानं शोधलं, एका टोकाला टेप धरला, दुसऱ्या टोकापर्यंत सरकवला. आकडा वाचला. परत वाचला.

माप घेणाऱ्यानं आकडा मोठ्यानं सांगायचा, लिहिणाऱ्याला ऐकू जाईल असा, आणि टेपावर असेल तोच सांगायचा. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून अर्धा इंच इकडेतिकडे केला की कोट फसतो. हे अण्णांनी या दुकानात प्रत्येक माणसाला शिकवलं होतं. तिनं समोर आरशात पाहिलं. अण्णा तिच्याकडेच पाहत होते, वाट पाहत होते. त्यांना काय ऐकायला मिळणार हे त्यांना ठाऊक होतं असं तिला वाटलं, आणि त्यामुळे ते सांगणं आणखीच जिवावर आलं.

"खांदा," ती म्हणाली. "सोळा."

दादानं पेन उचललं नाही. "नीट बघ. साडेसतरा आहे त्यांचा."

तिनं पुन्हा टेप लावला. या वेळी तिला आकडा वाचायला वेळ लागला नाही. "सोळा," ती म्हणाली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

बेबी खुर्चीतून उठून उभी राहिली होती. दादा आरशातल्या अण्णांकडे पाहत होता, त्यांनी काहीतरी करावं, निदान मान हलवावी, म्हणून.

"ती सांगेल ते लिही," अण्णा म्हणाले.

दादानं साडेसतरावर रेघ मारली आणि शेजारी सोळा लिहिलं. वहिनीनं टेप छातीकडे घेतला. "हात वर करा, अण्णा," ती म्हणाली, आणि अण्णांनी केले.